उशिरा आलेल्या वाचकाचा हक्क

मराठी समीक्षेने चित्रकथेला आजवर ओसरीवरच बसवले आहे. कादंबरीच्या रूपबंधावर आपण चर्चासत्रे घेतो, आत्मकथनाच्या सामाजिक आशयावर प्रबंध लिहितो. पण आपल्यातील कित्येकांना ज्या पातळ रंगीत पुस्तकांनी वाचनाची चटक लावली, ती पुस्तके 'मुलांचे वाचन' या एका शिक्क्याखाली बाजूला पडतात. या लेखात आम्ही त्या वाङ्मयातील एकाच प्रश्नापुरते बोलणार आहोत. एखादा महानायक पन्नास, ऐंशी वर्षे चालू राहतो. त्याचे लेखक बदलतात, चित्रकार बदलतात, वाचकांच्या पिढ्या उलटतात. अशा वेळी त्याची आजची कथा कालच्या कथेशी सुसंगत कशी राहते? आणि आजच प्रथम ते पुस्तक हाती घेणाऱ्या मुलाला ती कशी समजते?

ही दोन कामे एकमेकांविरुद्ध ओढतात. जुन्या वाचकाला मागचे सारे जसेच्या तसे हवे असते. नव्याला मागचे काहीच ठाऊक नसते. आमचे म्हणणे असे की, सगळे लक्षात ठेवण्याच्या हट्टाने दीर्घ कथा टिकत नाही. नायकाविषयी दोन-चार गोष्टी अढळ ठरवाव्या लागतात आणि त्या दर वेळी थोडक्यात सांगाव्या लागतात. बाकीचा संसार हलका ठेवता येतो. त्या दोन-चार गोष्टींत नायकाचे नाव ही पहिली.

मराठी वाचकाच्या सर्वांत ओळखीच्या उदाहरणापासून सुरुवात करू. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' ही माला सुरू केली. ती १९९० मध्ये बंद पडली, तोवर तिचे आठशेच्या वर अंक निघाले होते. ही माला मराठीतही येत असे, आणि तिचा मुख्य नायक होता 'वेताळ'. मूळचा हा अमेरिकी वृत्तपत्रांतील 'फँटम'. ली फॉक यांनी तो १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू केला आणि १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षे, त्याच्या कथा लिहिल्या. चित्रकार मध्यंतरी अनेक झाले. १९६१ पासून १९९४ पर्यंत हे काम साय बॅरी यांच्याकडे होते.

फॉक यांनी दोन युक्त्या योजल्या. पहिली म्हणजे वारसा. वेताळ हा एक माणूस नाही. चारशे वर्षांपूर्वी समुद्रचाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या एका तरुणाने वडिलांच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवत आला. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातील लोक त्याला अमर समजतात, वाचकाला मात्र खरे ठाऊक असते. दुसरी युक्ती म्हणजे कथेच्या आरंभी येणारी दोन-तीन चौकटींची उजळणी. त्या चौकटींना इंग्रजीत जो मथळा असे, त्याचा भावार्थ 'उशिरा येणाऱ्यांसाठी' असा होता. चाच्यांचा हल्ला, कवटीवरची शपथ, पिढ्यांची रांग, एवढे सांगितले की नवी कथा सुरू.

या उजळणीचे महत्त्व इंद्रजालच्या भारतीय वाचकाला अधिक कळावे. वृत्तपत्रातील पट्ट्या कापून, जुळवून पुस्तकाच्या पानांत बसवल्या जात. जुन्या-नव्या कथा मागेपुढे छापल्या जात. मूळ पट्टीत वेताळ आणि डायना यांचे लग्न १९७७ मध्ये झाले. पण इथल्या वाचकाच्या हाती एका आठवड्यात विवाहित वेताळ पडे आणि पुढे कधीतरी डायना पुन्हा प्रेयसीच असलेली एखादी जुनी कथा. कडक हिशेबाने पाहिले तर हा गोंधळच होता. तरी वाचणारे मूल गोंधळले नाही, कारण गुहा, शपथ, कवटीची अंगठी, घोडा आणि लांडगा जागच्या जागी होते. बाकीची उलटापालट मूल आपल्या मनाने जुळवून घेत असे. आपल्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही असाच. फुरसुंगीचा हा बनेश पुस्तकामागून पुस्तक उलटले तरी शाळकरीच राहिला, आणि त्याचे वय कोणी मोजत बसले नाही.

आमच्या वाचकांना ही रीत परकी वाटू नये, कारण दास्तानगोईची रीत हीच होती. अमीर हमजाची दास्तान लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने छापायला घेतली, तेव्हा तिचे सेहेचाळीस जाडजूड खंड झाले. चौकात बसून ऐकणाऱ्याने ते सारे ऐकलेले असणे शक्यच नव्हते. तो कधी मध्येच येऊन बसे, मध्येच उठून जाई. त्याला सांभाळून घेण्यासाठी दास्तानगोकडे काही ठरलेल्या खुणा असत. हमजा शूर आणि शब्दाचा पक्का, अमर अय्यार लोभी, चलाख आणि सगळी दुनिया मावेल अशी झंबील खांद्याला लावून फिरणारा, आणि समोर तोडायचा एखादा तिलिस्म. एवढे कळले की कोणत्याही रात्रीची बैठक आपली. विसंगती त्या खंडांत भरपूर आहेत. अमरचा स्वभाव मात्र ढळत नाही.

त्याच परंपरेचा विसाव्या शतकातील वारस म्हणजे इब्ने सफी. १९५२ मध्ये अलाहाबादहून 'जासूसी दुनिया' सुरू झाली, आणि त्याच वर्षी लेखक कराचीला गेले. १९५५ मध्ये 'इमरान सिरीज' सुरू झाली. २६ जुलै १९८० रोजी त्यांचे निधन झाले, तोवर दोन्ही मिळून सुमारे अडीचशे कादंबऱ्या झाल्या होत्या. या चित्रकथा नव्हेत, पण प्रश्न तोच आहे. इमरान बाहेरून खुळा दिसतो. सीक्रेट सर्व्हिसचा तो गूढ प्रमुख 'एक्स-टू' हाच आहे, हे त्याच्या हाताखालच्या माणसांना ठाऊक नसते. वाचकाला असते. कोणतीही कादंबरी उचलावी, काही पानांत हे गुपित आपल्या पदरात पडते आणि आपण आतल्या गोटातले होतो. १९६० ते १९६३ या काळात इब्ने सफी आजारी होते, तेव्हा मिळतीजुळती नावे घेऊन अनेकांनी इमरानच्या कथा लिहिल्या. त्यांनी खुळेपणा उचलला, पण खुळेपणामागची करुणा त्यांना जमली नाही. घटनांची साखळी बिनचूक ठेवूनही नायक हरवू शकतो, याचा हा पुरावा होय.

मात्र याच मालेच्या हिंदी आवृत्तीत एक गोष्ट घडली, जी आम्हांला अस्वस्थ करते. कर्नल फरीदी तिथे 'विनोद' झाला आणि इमरान 'राजेश'. हिंदी वाचकाला नायक आपला वाटावा, हा हेतू असणार. पुस्तके खपली, लोकांनी मनापासून वाचली. विनोदचे कारनामे तेच, राजेशचा खुळेपणा तोच. फक्त ज्या नावाने हे सारे उभे राहिले ते नाव नाही. नव्या वाचकासाठी दार उघडताना आतल्या माणसाची पाटी बदलली गेली. बुद्धी, धाडस आणि देशाची चाकरी या गुणांचा धनी फरीदी नावाचा माणूस असू शकतो, एवढी साधी गोष्ट त्या वाचकापर्यंत पोहोचायची राहून गेली.

नावाची ही बाब आम्ही ताणून धरतो आहोत असे कोणाला वाटेल, म्हणून आमच्याच तालुक्यातले एक उदाहरण देतो. जुन्नरच्या पश्चिमेला, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी घाटघर हे गाव आहे. तेथून पुढे गेले की नाणेघाट लागतो. घाटमाथ्यावरच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा लेख आहे, आणि एका भिंतीवर राजघराण्याच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका, राजपुत्र. प्रतिमा केव्हाच नष्ट झाल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर कोरलेले नाव मात्र राहिले, म्हणून तिथे कोण उभे होते हे आज सांगता येते. कोकणातून चढून येणारा व्यापारी प्रत्येक वेळी नवा असणार, हे ती नावे कोरवणाऱ्याला ठाऊक असावे. राजाचा सारा इतिहास त्याने प्रतिमेच्या डोक्यावर लिहिला नाही. ओळख पटेल एवढेच लिहिले. विनोद आणि राजेश यांच्या बाबतीत नेमके उलटे झाले. तिथे मूर्ती शाबूत राहिली आणि नाव गेले.

याच लेण्यात शाळेची सहल नेली होती, तेव्हा येताना-जाताना मुलांचा वाद मात्र सातवाहनांवर नव्हता. तो मार्व्हलच्या सिनेमांवर होता. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतील ही मुले हे सिनेमे हिंदीतून, बहुधा मोबाइलवर पाहतात. घाटघरच्या उतारावर एकाने विचारले, "सर, पहला कौनसा देखने का?" आम्हांला उत्तर देता आले नाही, आणि वर्गातल्या माहीतगारांचेही आपसांत जुळेना. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून २०१९ च्या 'एंडगेम'पर्यंत बावीस सिनेमे झाले, आणि त्यानंतर दूरचित्रवाणीच्या मालिकाही त्यात मिसळल्या. शेवटचा सिनेमा कळायला आधीचे निम्मे तरी पाहिलेले हवेत. त्या मुलाचा प्रश्न हा या सगळ्या उद्योगाचा मुख्य प्रश्न आहे.

अमेरिकी चित्रकथा या पेचात कशी सापडली, हे थोडक्यात पाहू. सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा. ते सुरुवातीला सुटेसुटे होते. पुढे सारे नायक एकाच जगात राहतात असे ठरले, आणि एकाच्या अंकात जे घडले ते दुसऱ्याच्या अंकातही खरे मानावे लागले. वाचकही जाणकार झाला. तो पत्रे लिहून चुका दाखवू लागला. वयाचा हिशेब जुळेना, तेव्हा जुने नायक वेगळ्या पृथ्वीवर राहतात अशी सोय १९६१ मध्ये काढली गेली. पृथ्व्या इतक्या वाढल्या की १९८५-८६ मध्ये बारा अंकांची एक प्रलयकथा काढून डीसी कंपनीला त्या सगळ्यांची एक पृथ्वी करावी लागली. २०११ मध्ये त्याच कंपनीने बावन्न मालिका पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू केल्या. दर वेळी उद्देश एकच, नवा वाचक यावा. आणि दर वेळी काही वर्षांत नवा पसारा साचला, कारण जुने पुसले की 'काय पुसले आणि काय उरले' हीच एक नवी माहिती होऊन बसते. मार्व्हलने २००० मध्ये दुसरा मार्ग धरला. जुना स्पायडरमॅन चालू ठेवून शेजारी त्याची शाळकरी वयापासूनची वेगळी मालिका सुरू केली. तिला यश आले. अखेर तिचाही पसारा झालाच, तरी या मार्गात जुन्या वाचकाचे काही हिसकावले जात नाही.

एक दुरुस्ती मात्र सर्वांनाच करावी लागते, ती काळाची. नायक म्हातारा होऊ द्यायचा नसेल तर त्याचा भूतकाळ पुढे सरकवावा लागतो. इथे वरवर निव्वळ तांत्रिक वाटणारे काम नैतिक होऊन जाते. आयर्न मॅन म्हणजे टोनी स्टार्क. १९६३ च्या मूळ कथेत तो व्हिएतनाममध्ये जखमी होऊन कम्युनिस्टांच्या कैदेत पडतो. २००८ च्या सिनेमापर्यंत व्हिएतनामचे युद्ध संपून तेहेतीस वर्षे झाली होती. नवे युद्ध हवे होते, म्हणून कैद अफगाणिस्तानात गेली. नायकाचा गाभा तसाच राहिला, गुहा तशीच राहिली, शत्रूच्या जागेवरचा चेहरा बदलला. त्या टोळीत कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात हे एक पात्र सांगते, आणि त्या यादीत उर्दूचे नाव येते. आम्ही ज्या भाषेत मुलांना गणित आणि भूगोल शिकवतो, ती भाषा आमच्या मुलांना या महाकथेच्या उंबरठ्यावरच अशी भेटते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, स्टार्कचा जीव वाचवणारा आणि त्याच्यासाठी मरणारा डॉक्टर यिनसेन हाही त्या सिनेमात अफगाणच आहे. तरीही प्रश्न उरतोच. कथा नव्या वाचकासाठी ताजी करताना, नवा वाचक म्हणून नेमके कोण डोळ्यांसमोर होते?

इंद्रजालच्या संपादकांनी हा प्रश्न स्वतःला विचारला होता असे दिसते. मूळ पट्टीतील 'बंगाली' हा प्रदेश त्यांनी 'डेंकाली' केला, 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले, 'रामा' नावाचा खुनी 'रामालू' झाला. भारतीय मुलाला आपला प्रांत, आपल्या शेजाऱ्याचे आडनाव आणि पूज्य नाव खलनायकाच्या कपाळी दिसू नये, एवढी काळजी त्यामागे असावी. कथेचे त्यात काही बिघडले नाही. खुद्द फॉक यांनीही आपले जंगल काळानुसार बदलले. आफ्रिकेतील वसाहती स्वतंत्र होत गेल्या तसा वेताळाच्या शेजारी निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष आला, डॉक्टर लुआगा. गोऱ्या रखवालदाराच्या छायेत नांदणारे जंगल ही या कथेची मूळ खोट आहे आणि ती पुरती निघाली नाही. पण सातत्याच्या नावाखाली ती जशीच्या तशी जपलीही गेली नाही. इथलीच भर म्हणजे 'बहादूर'. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये इंद्रजालसाठी हा नायक घडवला. डाकूचा मुलगा, अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स, डाकूंविरुद्ध गावकऱ्यांचे संरक्षक दल उभारणारा. त्याची ओळख करून द्यायला एक चौकट पुरे.

आता 'कमला खान'कडे वळू. तिची मालिका मार्व्हलने २०१४ च्या फेब्रुवारीत सुरू केली. लेखिका जी. विलो विल्सन, संपादिका सना अमानत. जर्सी सिटीतील एका पाकिस्तानी कुटुंबातली ही मुलगी 'मिस मार्व्हल' हे जुने नाव घेते. ते आधी कॅरल डॅन्व्हर्सचे होते, आणि तिने दुसरे नाव घेतल्याने ते मोकळे होते. कमला स्वतःच महानायकांची चाहती आहे, म्हणजे उशिरा आलेला वाचकच इथे नायिका झाला. कॅरलचा इतिहास वाचलेला नसला तरी काही अडत नाही. घर, मशीद, आईची भीती आणि भावाचे उपदेश एवढ्यावर पहिला अंक कळतो. त्या पहिल्या संग्रहाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. मुखवट्यामागचे तिचे नाव कोणी बदलले नाही. कमला खान 'कॅमिला' झाली नाही, आणि वाचक कमीही झाले नाहीत. मात्र २०२२ च्या दूरचित्रवाणी मालिकेत तिच्या शक्तीचे मूळ बदलले गेले, २०२३ मध्ये चित्रकथेत तिला मारून पुन्हा जिवंत केले आणि तिच्या जन्माविषयी नवा खुलासा जोडला. दहा वर्षांत तीही त्या पसाऱ्यात ओढली गेली. आज तिचा ताजा अंक उचलणाऱ्या मुलीला आधी बरेच समजावून सांगावे लागेल.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय? १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मोठ्यांच्या लेखनाला व्यासपीठ मिळाले. त्याच वर्षी इंद्रजाल बंद पडले, आणि मुलांच्या हातातून ती मालिका गेली. तिची जागा आपण भरली नाही. आमच्या मुलांना मराठी तिसऱ्या-चौथ्या दारातून भेटते. घरी दखनी, शाळेत उर्दू, पडद्यावर हिंदी आणि मग मराठीचे पाठ्यपुस्तक. मराठी वाङ्मयात ती उशिरा येणार हे ठरलेलेच आहे. त्यांच्यासाठी पहिल्या चौकटीत कोणी काही लिहून ठेवले आहे का?

उद्या कोणी मराठीत अशी मालिका काढायचे मनावर घेतले, तर आमच्या मागण्या मोजक्या आहेत. नायकाची प्रतिज्ञा आणि त्याचे नाव पहिल्या पानावर असावे, प्रत्येक अंकाच्या. एक अंक एका बैठकीत संपावा आणि मागचा हाती नसला तरी अडू नये. संपादकाने आपल्यापुरती नोंदवही ठेवावी, कोणाचा भाऊ कोण आणि कोणाचा डोळा अधू आहे ते तीत लिहावे; तिचा भार वाचकावर टाकू नये. जुने बदलावे लागले तर उघड सांगून बदलावे. नायक शब्बीर असेल तर तो शब्बीरच असावा, आणि गावच्या इतर मुलांनी त्याला त्याच नावाने हाक मारावी.

यासाठी मोठे भांडवल लागते असे आम्हांला वाटत नाही. एक चित्रकार, एक लेखक, बत्तीस पाने आणि तीन महिन्यांतून एक अंक, एवढ्याने सुरुवात होते. आपल्या वार्षिकांतून दर वर्षी चार पाने मुलांच्या चित्रकथेला दिली, तरी दहा वर्षांत एक नायक उभा राहील. 'पहला कौनसा' असे विचारणाऱ्या मुलाला मग सांगता येईल की, हातात आलेला कोणताही अंक उघड, आरंभ तिथेच आहे.